कादंबरीतले मामा-मामी

जुन्या इंग्रजी प्रेमकथांमध्ये नायिकेचे आईबाप बहुधा कुचकामी असतात आणि शहाणपणाची सगळी कामं मामा-मामी करतात. मामा व्यापारी, म्हणून बड्या लोकांत त्याला किंमत नसते. पण तो भाचीला बग्गीतून फिरायला नेतो, योग्य वेळी योग्य माणसाशी बोलतो आणि लग्न लागतं. सौदीत, जेद्द्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवताना मी अशा कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या. हे काम आपल्यालाही जमेल, असं मला वाटायचं.

भाची इथेच नर्स होती, राहायला आमच्याकडे. जेद्द्याजवळच्या थुवालच्या विद्यापीठात नोकरी करणारा एक मुलगा तिला आवडला. मुलगा आमच्याच गावचा, आमच्याच जमातीतला. पण त्याचा आजोबा तिच्या आजोबांच्या होडीवर खलाशी. गावी असलेले तिचे वडील हे विसरणाऱ्यांतले नव्हेत. त्यांच्या कानावर ही गोष्ट हळूच, मान राखून घालायला हवी होती.

आमच्यात असा निरोप जमातीच्या, म्हणजे इथल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, अध्यक्षांमार्फत जातो. बायको आणि मी त्यांच्याकडे गेलो.

"फिकर नको," ते म्हणाले. "एकांतात बोलतो."

पुढच्या शुक्रवारी त्यांचा सत्कार होता. आयोजकही तेच. शाल, गुच्छ, आणि गावच्या लोकांसाठी मोबाईलवरून थेट प्रक्षेपण. माईक हाती येताच ते म्हणाले, "माझ्या कारकिर्दीत आणखी एक लग्न जमलं!" आणि दोन्ही घराण्यांची नावं घेतली. टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला भाची मान खाली घालून बसली होती.

बिर्याणी यायच्या आत तिच्या वडिलांचा फोन आला.

"माझ्या मुलीचं लग्न मला माईकवरून कळतं? मोहल्ला दारात उभा आहे. विचारतात, खलाशाच्या घरी दिली का!"

"अहो, ऐका तर..."

"तुम्ही दोघं तिथे काय करत होता? टाळ्या वाजवत होता?"

मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. माझं कर्तृत्व तेवढंच.

मुलाने फोन केले, ते तिच्या वडिलांनी उचलले नाहीत. मला म्हणाले, तिला परत पाठवा. बायको भाचीला म्हणाली, "आम्ही लावून देतो लग्न. येतील ते नंतर."

"आणि नाही आले तर, मामी? ईदला मी कोणाच्या घरी जाऊ?"

तिने राजीनामा दिला, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत केला. निघायच्या दिवशी अध्यक्ष खजुरांचा डबा घेऊन आले. "आमच्याकडून प्रयत्न झाला," म्हणाले. बायकोने डबा घेतला आणि दार लावलं.

गाडीत भाचीने विचारलं, "मामू, तुमच्या त्या कादंबरीत मामा काय करतो?"

"बग्गीतून फिरवतो."

"मग समुद्राकडून घ्या."

तिकडून घेतली. तो रस्ताही विमानतळालाच जातो.