एक तरी उणीव

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. रहिमतपूरच्या बाजूला एका शाळेत मी हंगामी मास्तर होतो आणि आमचे हेडमास्तर पुण्याहून एक नवं खूळ घेऊन आले होते. "इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, आपण एकमेकांना रोज बघतो," असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर्गात बसायचं आणि एका जाड वहीत शेरा लिहायचा. गुण हवे तेवढे लिहा, पण एक तरी उणीव लिहिलीच पाहिजे.

मास्तर लोक कसले वस्ताद! पंधरा दिवसांत आम्ही त्यातून वाट काढली. चहा पिता पिता उणिवा ठरवून घ्यायचो. 'खडू जास्त वापरतात', 'टोपी तिरकी असते', असल्या कुणाच्या अंगाला न लागणाऱ्या. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तर स्वतःची उणीव स्वतःच सांगून माझ्याकडून लिहून घेतली होती.

वर्षअखेरीला एक जागा कायम व्हायची होती, आणि हंगामी आम्ही दोघे. मी सांगलीच्या पेठेत वाढलेला. दुसरा जवळच्याच खेड्यातला, लष्करातून परत आलेला, घरी ऊस असूनही शिकवण्याचा नाद लागलेला. जागा मला हवी होती. त्यालाही तितकीच हवी होती, आणि वही बघूनच निवड होणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी त्याच्या वर्गात बसलो तेव्हा एक पोरगी भागाकारात अडली होती. तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला. "भिऊ नगंस. चुकलं तर चुकलं. परत कर, मी हाय न्हवं हितं," म्हणाला. पोरीने पुसलं आणि बरोबर केलं. इतका सुंदर पाठ मी पुन्हा पाहिला नाही.

वहीत तो पाठ मी भरभरून लिहिला. मग उणिवेच्या रकान्यात लिहिलं, 'मुलांशी गावठी बोलीत बोलतात.' निरुपद्रवी म्हणूनच लिहिलं, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खरं नाही. हेडमास्तरांना शुद्ध भाषेचं किती वेड होतं ते मला पक्कं माहीत होतं.

हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर वही वाचली. माझ्या शेऱ्यावर त्यांनी मान डोलावली. मग त्याने माझ्याबद्दल लिहिलेलं पान त्यांनी उघडलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. उणिवेचा रकाना कोरा होता.

"नियम माहीत नाही का तुम्हाला?"

"हाय की. पर दिसली न्हाई, तर काय लिवायचं, सर?"

हुकूम न पाळणं हा त्याचा दुसरा दोष ठरला. जागा मला मिळाली.

तो शाळा सोडून निघाला तेव्हा मी त्याला गाठलं, काहीतरी पुटपुटलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवं मास्तर, खोटं थोडंच लिवलं तुमी? जाऊ द्या." त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे तीस वर्षं मी शुद्ध बोललो. दर साली इन्स्पेक्टर लिहून जायचे, 'वर्गात शिस्त उत्तम.' पोरं मला भीत होती, एवढंच.