मामंजींची निरोगी मुळं

माझं माहेर निपाणीचं. लग्न ठरलं तेव्हा मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि सासरच्या मंडळींना त्याचं फार अप्रूप होतं. ते कशासाठी, हे बेळगावजवळच्या कंग्राळीत आल्यावर लवकरच कळलं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फवारणीच्या डब्यांवरचं इंग्रजी वाचणारं माणूस घरात हवं होतं. आमचे हे पदवीधर होते, पण सकाळीच सायकलवर टांग मारून कॅम्पातल्या कचेरीत जायचे आणि शेतीचा विषय निघाला की संध्याकाळीही सायकलच पुसत बसायचे.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मामंजी गावात सुधारलेले शेतकरी म्हणून ओळखले जात. सुधारलेले म्हणजे काय, तर त्यांच्या सोप्यात धान्याच्या कणगीशेजारी डबे, पुड्या, बाटल्या यांची एक फळी होती आणि ती कणगीपेक्षा जास्त भरलेली असायची. मी पहिल्यांदा त्यातला एक डबा वाचून दाखवला तेव्हा कवटीच्या चित्रापासून सुरुवात केली. हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, वगैरे. मामंजींनी मला मधेच थांबवलं.

"ते सोड, पोरी. डोस किती लिवलाय तेवढा वाच."

मी वाचला. त्यांनी तो दुप्पट केला. कंपनीवाले भित्रे असतात, कमीच लिहितात, असं त्यांचं मत होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दिवशी पक्की केली. मी बोलताना विष म्हणाले होते. आमच्या घरात तो शब्द चालणार नव्हता. औषध म्हणायचं. एकदा औषध म्हटलं की पीक आजारी नसलं तरी द्यायला हरकत नव्हती, आणि मामंजी कुणाला औषधावाचून ठेवत नसत.

त्या वर्षांत भुईमुगावर हुमणी लागायची. जमिनीत राहणारी पांढरी जाड अळी, मुळं खाते. तिच्यासाठी बीएचसीची पावडर मातीत मिसळायची असं शेतकी खात्याने सांगितलं होतं. हुमणी एकदा आली, मामंजींनी पावडर टाकली. पुढच्या वर्षी हुमणी आली नाही, म्हणून पावडर लागू पडली असं समजून पुन्हा टाकली. त्याच्या पुढच्या वर्षी ती येऊ नये म्हणून टाकली. शेतात शिरलं की नाकात तो कुबट वास बसायचा, आणि नांगरामागे बगळे यायचे बंद झाले होते. बगळ्यांना आमच्या शेताची शिस्त मानवली नसावी.

माझ्या सासूबाईंच्या कोंबड्यांना मात्र एवढी समज नव्हती. एकदा मेलेल्या अळ्या खाऊन त्या सगळ्या परड्यात येऊन पडल्या. सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कोंबड्या पुरल्या, हात धुतले आणि मामंजींना सांगितलं की तुमचं औषध परड्यात आलं तर जेवण शेतातच करून घ्यायचं. परडं म्हणजे घरामागची आमची भाजीपाल्याची जागा. तेव्हापासून पावडरीला ती हद्द ठरली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातली हद्द तेवढ्या वर्षांत कुणाला नीट ठरवता आली नव्हती, सासूबाईंनी ती एका वाक्यात ठरवली.

पुढच्या पावसाळ्यात भुईमूग पिवळा पडू लागला. मी एक रोप उपटून पाहिलं आणि वाईट वाटलं. भुईमुगाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतात. त्या गाठींत मातीतले जंतू राहतात, हवेतलं नत्र घेऊन झाडाला पुरवतात आणि झाड त्यांना साखर देतं. मूळ आधी मातीत काही रस सोडून त्या जंतूंना बोलावतं, ते आले की त्यांना घर करून देतं. आम्ही कॉलेजात सुईने एकेक गाठ फोडून आतला गुलाबी रंग, म्हणजे गाठ काम करत असल्याची खूण, पाहिला होता. इथे मुळं आखूड, तपकिरी, टोकाला बोथट होती आणि गाठीच्या नावाने शून्य. बोलावणारं आजारी आणि येणारं कुणी जिवंत उरलेलं नाही, अशी ती गत होती.

बांधापलीकडे चुलत सासऱ्यांचं शेत होतं. ते गावात आळशी म्हणून प्रसिद्ध होते. हुमणीच्या वर्षीसुद्धा त्यांनी पावडर आणण्याचं उद्यावर टाकलं होतं. त्यांच्या शेतातलं एक रोप मी मागून आणलं. मुळं गाठींनी लगडलेली होती. दोन्ही रोपं धुऊन मी मामंजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि एकदम खूश झाले.

"बघ, आपलं मूळ कसं निरोगी हाय. त्येच्या मुळाला गाठी झाल्यात. रोग हाय रोग."

मी समजावलं. जंतू हा शब्द वापरला हीच चूक झाली. मामंजींच्या लेखी जंतू म्हणजे पटकी, देवी आणि नारू. झाडाच्या पोटात जंतू असावेत आणि सुनेने त्यांची बाजू घ्यावी, हे त्यांना शिकण्याचे दुष्परिणाम वाटले. ते तसेच उठून चुलत सासऱ्यांकडे गेले, त्यांना त्यांच्या शेतातला रोग सांगितला आणि आपल्याकडची औषधाची अर्धी बाटली देऊ केली, पाण्यात कालवून मुळाशी ओतायला. मी विहिरीवर चुलत सासऱ्यांच्या बायकोला गाठून ओतू नका म्हणून विनवलं. ती हसली. म्हणाली, काळजी करू नको गं, बाटली उचलून शेतात न्यायची तर यांना दिवाळी उजाडेल. दिवाळीलाही ती बाटली त्यांच्या देवळीतच होती. त्यांच्या जंतूंचे प्राण केवळ आळसाने वाचले.

इकडे मामंजींनी पिवळेपणावर युरिया दिला. पानं हिरवीगार झाली, गाव बघायला आला. काढणीला वेल उपटले तर शेंगा कमी, पाला फार. मामंजी म्हणाले, औलाद बदलली पायजे, म्हणजे बियाणं.

पुढच्या वर्षी पेरणीआधी शेतकी खात्याचे एक साहेब आले. तरुण होते, धारवाडकडचे, मराठी जपून बोलायचे. त्यांनी काळ्या भुकटीचं एक पाकीट आणलं होतं. त्यात तेच जंतू होते, वाढवून भरलेले! मला माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून बियाण्याला चोळायची आणि सावलीत वाळवायची. मी पाटी आणली, गूळ आणला. साहेबांनी पिशवीतून आधी दुसरी पुडी काढली आणि बियाण्याला चोळली. बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याचं औषध. मग तेच बियाणं त्यांनी गुळाच्या पाण्यात भिजवून काळ्या भुकटीत घोळवलं.

मी विचारलं, पाऱ्याने पाकिटातले जंतू मरणार नाहीत का?

साहेब थोडे गोंधळले. पाऱ्याची पुडी एका विभागाकडून आली होती आणि पाकीट दुसऱ्या विभागाकडून. दोन्ही वाटायची असा हुकूम होता. मग ते शांतपणे म्हणाले, "मरतात असं वरून कळवलेलं नाही, मॅडम."

त्यानंतर त्यांनी चहा घेतला आणि काकतीच्या रस्त्याला लागले. मामंजींना हा कार्यक्रम फार आवडला, कारण एकाच बियाण्याला दोन औषधं मिळाली होती. पाटीतलं बियाणं शेतात गेलं. मी न चोळलेल्या बियाण्यातल्या ओंजळभर शेंगदाण्यांना पाकिटातली उरलेली भुकटी लावली आणि सासूबाईंना विचारून परड्यात, शेवग्याजवळ टोचले.

पीक तयार व्हायच्या सुमारास बेळगावला शेतकी प्रदर्शन भरलं. मामंजींनी आदल्या दिवशी शेतातले वेल उपटले, पुन्हा उपटले, बांधाकडेचे उपटले. दाखवण्यासारखं काही निघेना. मग त्यांची नजर परड्याकडे गेली. मी काही म्हणायच्या आत त्यांनी त्यातले चार वेल मुळासकट धुऊन ओल्या पोत्यात गुंडाळले होते. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, जाऊ दे, सांगताना जीभ तरी अडखळंल.

जीभ अडखळली नाही. प्रदर्शनात शेती कॉलेजातले एक वयस्कर प्राध्यापक परीक्षक होते. त्यांनी आमच्या वेलाची मुळं उचलली, एक गाठ नखाने फोडली आणि आतला लालसर रंग जमलेल्या लोकांना दाखवला. असं जिवंत मूळ हल्ली दिसत नाही, म्हणाले. मग त्यांनी मामंजींना विचारलं की तुम्ही याला काय घातलंत. मामंजींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, कारण हसू येत होतं.

"औषध," मामंजी म्हणाले. "समदी औषधं येळच्या येळी."

टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. बक्षीस होतं फवारणीचा नवा पंप. एका औषध कंपनीने तो प्रदर्शनाला दिला होता, आणि कंपनीच्या माणसाने मामंजींच्या खांद्यावर तो अडकवून फोटो काढला. प्राध्यापक तेवढ्यात पुढच्या टेबलाकडे गेले होते.

घरी येताना बसमध्ये मामंजी पंप मांडीवर घेऊन बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे त्यो रोग न्हवं."

"न्हवं, मामा," मी म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

पुढच्या हंगामात त्यांनी बांधालगतचा एक पट्टा पावडर न टाकता सोडला. विचारणाऱ्याला सांगायचे, पावडर कमी पडली. फळीवर ती भरपूर होती, पण मी ते कुणाला दाखवायला गेले नाही. त्या पट्ट्यातही पहिल्या वर्षी गाठ आली नाही. दुसऱ्या वर्षी शोधून सापडाव्यात अशा आल्या, आत पांढऱ्या. मातीत मुरलेलं औषध मामंजींपेक्षा हट्टी होतं. रंग धरायला बरेच पावसाळे गेले, तोवर माझी मुलगी शाळेत जाऊ लागली होती.

तेव्हा मात्र मामंजींनी गाठींचा सगळा कारभार आपल्याकडे घेतला. गाठ म्हणजे रोग नव्हे हे आपल्याला पहिल्यापासून वाटत होतं, असं ते सांगू लागले. आळशी चुलत सासऱ्यांना त्यांनी बांधावर उभं करून त्यांच्याच शेतातल्या गाठी समजावून दिल्या. शेतकरी मेळाव्यात बोलायला त्यांना बोलावणं आलं. ते धुवट धोतर नेसून गेले, आणि मूळ जंतूंना कसं बोलावतं ते म्हणे त्यांनी हातवारे करून सांगितलं. मी ऐकायला गेले नाही. त्या दिवशी शेंगा काढायच्या होत्या.