खिडकीत धरलेला फोन

“हात वर. अजून वर. अन् हलू नकोस.”

साहेबानं खुर्चीत बसूनच सांगितलं. मी खिडकीपाशी उभी होते. ऑफिसचा मोबाईल खांद्याच्या वर धरलेला, स्पीकर चालू. सकाळची मीटिंग फोनवर चालली होती आणि सगळा आवाज घुमत होता. कुणी एक वाक्य बोललं की तेच परत येऊन आदळायचं. मग कर्कश शिट्टी.

“साहेब,” मी म्हणाले, “तुमचा मोबाईलपण याच कॉलवर आहे. त्याचा स्पीकर बंद केला की घुमायचं थांबेल.”

“तू हात हलवतेस म्हणून घुमतंय.”

“हात भरून आलाय, साहेब. जरा वेळ...”

तो शेजारी बसलेल्या कारकुनाकडं बघून हसला. कारकुनाला आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. मग साहेब मला म्हणाला, “तुझी आई डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन ट्रक भरते ना? अन् तुला एवढासा फोन जड झाला?”

भाऊसाहेब खो खो हसला. फोनमधूनही कुणीतरी हसलं. कॉल चालूच होता. हेड ऑफिसनं ऐकलं. बाकीच्या ऑफिसांनी ऐकलं. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या मुकादमांनी ऐकलं. माझ्या तोंडात शिवी आली होती. ती गिळली आणि हात वर धरून उभी राहिले. ती शिवी अजून घशात आहे.

त्याला मी तेव्हा अहो-जाहो करायची. आता करत नाही.

कारखान्याचं नाव सांगत नाही. पाटपाण्याच्या भागातला साखर कारखाना, आणि त्याचं एका बाजूच्या गावांचं ऊसतोडीचं काम बघणारं हे गट ऑफिस. आम्ही पाथर्डीच्या बाजूचे. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला निघायचे. मी वसतिगृहात राहिले, नगरला आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. ठेकेदारामार्फत या ऑफिसात लागले. त्या हंगामात आईची टोळी याच गटात उतरली होती. आई म्हणाली होती, आता आपलं मानूस हापिसात हाय. आपलं माणूस खिडकीत उभं होतं.

माझं काम होतं रोज सकाळचा कॉल जोडायचा. हेड ऑफिस, गट ऑफिसं, शेतात असलेले मुकादम, सगळे एका कॉलवर. कुठल्या टोळीला गाडी, उसाच्या कुठल्या फडात तोड, ते तिथं ठरायचं. आमचं ऑफिस पत्र्याचं. रेंज फक्त त्या एका खिडकीत. साहेबाची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले होते की मीटिंगपुरती खुर्ची खिडकीशी घेऊ. भाऊसाहेबानं डोळे वटारले. “साहेबांची खुर्ची हालत नसती.”

खुर्ची हलत नाही. मग माणूस टांगा.

घुमायचं कारणही असंच. कॉल लागला की फोनमधली रेकॉर्डची बाई एकेकाचं नाव घ्यायची, अमुक हजर, तमुक हजर. ऑफिसच्या फोनवर नुसतं गट ऑफिसचं नाव यायचं. साहेबाला स्वतःचं नाव हवं होतं. म्हणून तो स्वतःचा मोबाईलही जोडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. साहेबानं जोडला म्हणून भाऊसाहेबानंही जोडून तिथंच ठेवला. एका खोलीत तीन फोन, तिन्हींचे स्पीकर मोठे. एकाचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. बोलणी मात्र मला.

मीटिंगच्या आधी मी एकेका मुकादमाला वेगळा फोन लावून आवाज तपासायची. आईच्या टोळीचा मुकादम नाना. आधी त्याचा आवाज खरंच वाईट यायचा. मागं ट्रॅक्टर धडधडायचा. मी सांगितलं, “नाना, ट्रॅक्टरपासून लांब जा. पाटाच्या भरावावर उभे राहा. फोन तोंडापासून जरा लांब धरा.” त्यानं तसं केलं. त्यानंतर त्याचा आवाज असा यायचा की मागं पाटाचं पाणी वाहतंय तेही कळायचं.

आणि नाना रोज एकच गोष्ट सांगायचा. “साहेब, प्यायच्या पान्याचा टँकर येईना. पोरं पाटाचं पानी पिऊन जुलाबानं आडवी झाल्यात.”

साहेब म्हणायचा, “नाना, तुमचा आवाज तुटतोय.”

भाऊसाहेब म्हणायचा, “तुटतोय, तुटतोय.”

की लगेच पुढचा मुकादम.

पहिल्यांदा कॉल संपल्या संपल्या मी बावळटासारखी बोलले. “साहेब, नानांचा आवाज येतो की स्वच्छ.” साहेब उठून गेला. मग भाऊसाहेबानं समजावलं, “अगं, साहेब तुटतोय म्हणले की तुटतोय.” त्या खोलीची ही रीतच होती. चहा आणणारा माणूससुद्धा मान हलवायचा. गाडी मागितली की तुटतोय. दवाखान्याचं काढलं की तुटतोय. ऊस किती तोडला हे सांगताना मात्र कधी कुणाचा आवाज तुटला नाही.

आणि मी उभी असायची त्या खिडकीतून टँकर दिसायचा. कारखान्याचाच. समोरच्या गेस्ट हाऊसच्या लॉनला पाणी मारत. रोज सकाळी, अगदी मीटिंगच्याच वेळी.

मोळीचं बोलणं झालं त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी आईकडं गेले. पाटाकडेला टोळीच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या. आई चुलीपुढं बसली होती. मी काही सांगायच्या आधीच म्हणाली, “ऐकलं म्या.”

“काय ऐकलं?”

“नाना फोन मोठा लावून ठिवतो. समदी टोळी च्या पीत हुती. समद्यांनी ऐकलं.”

माझी मान खाली गेली. म्हणाले, “मी सोडते ही नोकरी.”

“सोड न्हाईतर ऱ्हा. पर मान खाली कशापायी घातली? मोळी वाहती मी, चोरी न्हाई केली. त्याची लाज त्याला.” मग भाकरी उलटली आणि विचारलं, “मला येक सांग. नानाचा आवाज तुटतो का, खरंच?”

“नाही. चांगला येतो.”

“म्हंजी ऐकू येतं त्यान्ला.”

“येतं.”

“अन् ऐकून बी...”

तिनं बोट दाखवलं. शेजारच्या कोपीत एक पोरगं पडलं होतं, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं. त्याची आई ओठाला बोटानं पाणी लावत होती. तेच पाणी, पाटाचं. टोळीला इतके दिवस वाटत होतं की रेंज खराब आहे. नाना बिचारा रोज भरावावर अजून वर, अजून वर जाऊन ओरडत होता. माझं टाळकं सटकलं ते तिथं. स्वतःच्या अपमानानं मी नुसती कोमेजले होते. त्या पोराला बघून पेटले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी, पुन्हा हात वर. हेड ऑफिस कॉलवर होतं. आमच्या टोळीचा नंबर आला. आवाज नानाचा नव्हता.

“साहेब, मी टोळीतली बाई बोलती. आवाज येतो का?”

माझी आई. माझ्या हातात.

साहेब ताठ झाला. “कोण बाई? फोन मुकादमाला द्या. आवाज तुटतोय तुमचा.”

“तुटतोय,” भाऊसाहेब.

साहेबानं माझ्याकडं बघून दोन बोटांची कात्री केली. लाईन कापायची. फोनच्या पडद्यावर प्रत्येक नंबरापुढं लाल बटण होतं. नानाच्या नंबराचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी फोन तोंडाजवळ घेतला. मोठ्यानं म्हणाले, “आवाज स्वच्छ येतोय. बोल आई. हेड ऑफिसलाही ऐकू येतंय.”

आई बोलली. रडली नाही, विनवलं नाही.

“तुमच्या बंगल्याच्या गवताला टँकर हाय. आमच्या पोरान्ला न्हाई. पोरं मरायला टेकल्यात. आमी कोयता ठिवला तर तुमचा कारखाना बंद पडंल, ह्ये ध्येनात ठिवा. पानी द्या. अन् तुमच्या हापिसात ती पोरगी उभी हाय, ती बी कुनाच्या तरी पोटची हाय. तिला बसाया सांगा.”

मी कुणी सांगायची वाट बघितली नाही. हात खाली घेतला. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. भिंतीकडची खुर्ची ओढली आणि बसले. त्या ऑफिसात पहिल्यांदा मीटिंगच्या वेळी बसले.

“फोन उचल!” साहेब ओरडला.

“बोलायचं असेल तर इथं या.”

“तुला कळतंय का काय करतेस?”

“कळतंय. तुमचा आवाज तिथून पोचत नाही. इथं या.”

फोनमधून हेड ऑफिसचा आवाज आला. “हॅलो? टँकरचं काय आहे? कोण बोलतंय?”

साहेब उठला. त्याला उठावंच लागलं. खोली ओलांडून खिडकीत आला, कट्ट्यावर वाकला आणि फोनला “सर, सर” करायला लागला. त्याचं डोकं माझ्या खांद्याशी आलं होतं. मी उठले नाही. सरकलेही नाही.

यानंतर सगळं चांगलं झालं असं कुणाला वाटत असेल तर नाही झालं. दुपारी टँकर टोळीकडं गेला. भाऊसाहेबानं मला सांगितलं, “उद्यापासून येऊ नको.” टँकर थोडे दिवस आला आणि परत लॉनवर गेला. ते पोरगं वाचलं, पण पुढचे कितीतरी दिवस त्याला धड उभं राहता येत नव्हतं. नानाला दम भरला की बायांच्या हातात फोन द्यायचा नाही. साहेब त्याच खुर्चीत आहे. खिडकीत आता दुसरं कुणीतरी उभं असणार.

मी नगरजवळ नागापूरला एका वर्कशॉपमध्ये लागलेय. मशीनचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करते. खुर्चीवर बसून. राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

दिवाळीनंतर टोळ्या परत उतरल्यात. प्रत्येक टोळीतल्या एका बाईचा नंबर माझ्याकडं आहे. सकाळी चुली पेटायच्या वेळी मी त्यांना एका कॉलवर घेते. भरावावर उभं राहायचं, ट्रॅक्टरपासून लांब, एका जागी एकच स्पीकर, एवढं त्यांना शिकवलंय. कुणाला पाणी नाही, कोण आजारी, कुणाला मुकादमानं मारलं, सगळ्याजणी सगळ्यांचं ऐकतात. कुणाचा आवाज खरंच तुटला तर आम्ही थांबतो आणि तिला परत बोलायला लावतो.

उद्या सकाळी आम्ही आमच्या कॉलवरून पाण्याच्या टँकरसाठी थेट त्या साहेबाला फोन लावणार आहोत. सगळ्या टोळ्यांच्या बाया एकदम. पहिली माझी आई बोलेल.

तो म्हणेल आवाज तुटतोय. लाईन कापेल. आम्ही पुन्हा लावू. पुन्हा कापेल. पुन्हा लावू.