सिस्टरचा शेवगा आणि माझी अर्धी गोळी

सिस्टर कुणालाही "कशी आहेस?" असं विचारत नसत. "वजन किती?" असं विचारत. नोएडाच्या त्यांच्या फ्लॅटवर मी स्वयंपाकाच्या कामासाठी गेले, तेव्हा दारातच हा प्रश्न आला. मी लाजून सात किलो कमी सांगितलं. त्यांनी मला आत नेऊन काट्यावर उभं केलं, हातात एक लांबलचक, बुटका, तपकिरी कुत्रा दिला आणि आकडा वाचला. मग कुत्रा काढून घेतला आणि पुन्हा वाचला. माझी थाप तिथेच उघडी पडली. खरं म्हणजे माझ्या वजनाशी त्यांना काहीच कर्तव्य नव्हतं. वजाबाकी करून कुत्र्याचं वजन हवं होतं, आणि कंबर धरल्यामुळे त्यांना स्वतःला त्याला घेऊन उभं राहता येत नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी मी काट्यावर चढत असे.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. दिल्लीच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. यजमान गेलेले, मुलगी नागपूरला. माझे मिस्टर कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी. तिथल्या कुणीतरी सिस्टरना माझं नाव सांगितलं. कुत्रा डॅशुंड जातीचा. शेंगेसारखा लांब म्हणून नाव शेवगा.

शेवग्याच्या पाठीचे नियम फार होते. सोफ्यावरून उडी नाही, जिना नाही. उचलायचं ते एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून. सिस्टर म्हणत, "पूल लांब आहे आणि खांब दोनच टोकांना. मधे वाकला की पाय गेले." मी दोन मुलं वाढवली, पण एवढं जपून त्यांना कधी उचललं नाही. वजन वाढलं की पाठीवर भार येतो, म्हणून तूपही बंद. शेवगा माझ्याकडे असा बघायचा, जणू नियम मीच केला होता.

आता माझ्या डब्याबद्दल लिहायला हवं. आमच्या क्वार्टरमध्ये कुणाचं दुखणं बरं झालं, की उरलेल्या गोळ्या माझ्या फरसाणाच्या डब्यात येत. इंग्रजी मला वाचता येत नाही, म्हणून मी रंगावरून ओळखायची. पांढरी तापाची, गुलाबी गुडघ्याची, पिवळी अंगदुखीची. एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण गोळी देताना मी मोठ्या डॉक्टरसारखी बोलायची. "अर्धी घे, वर चहा पी." सिस्टरच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, रंगावरून साडी घेतात." मी मान हलवली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

एकदा त्या भाचीच्या बाळाच्या बारशाला दोन दिवस पानिपतला गेल्या. शेवग्याची पाठ आठवडाभर धरली होती. त्याच्या गोळ्या त्यांनी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "सकाळी, खाऊन झाल्यावर". सकाळची पुडी मी बरोबर दिली. पण अकराच्या सुमाराला तो कण्हू लागला. पाठ कमानीसारखी, डोळे माझ्यावर. माझा गुडघा गुलाबी गोळीने अर्ध्या तासात मोकळा होतो, मग याची पाठ का होणार नाही? जीव लहान, म्हणून अर्धीच दिली, तीही तुपाच्या पोळीत गुंडाळून. सिस्टरसारखा वजनाचा विचार केला म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

एक वाजता तो दोनदा ओकला. दुसऱ्या वेळी त्यात रक्ताची रेघ होती. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षाने मार्केटमधल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "दीदी, क्या खिलाया?"

"कुछ नहीं," मी म्हणाले. "सुबह की गोली, बस."

गुडघ्यासाठी जवळ बाळगलेली गुलाबी गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्येच होती. मी पर्स घट्ट धरून बसले. चौथी पास बाईला दिल्लीत असं घर पुन्हा मिळणार नाही, एवढंच डोक्यात. डॉक्टरांनी सिस्टरना फोन लावला, त्यांच्याशी बोलले आणि फोन माझ्या हातात दिला.

"काय दिलंस?" सिस्टरनी विचारलं.

मी पर्स आणखी जवळ ओढली.

"सुमन, माझ्याशी हवं तेवढं खोटं बोल. त्याच्या डॉक्टरांशी नको. पोटात काय गेलंय ते त्याला सांगता येत नाही."

मी पट्टी काढून टेबलावर ठेवली. बोट दाखवून म्हणाले, "आधी गोली. ग्यारह बजे." शेजारी पॉमेरेनियन घेऊन बसलेल्या बाई लगेच म्हणाल्या, नमक का पानी पिला दो. फोनमधून सिस्टर ओरडल्या, "अजिबात नाही." डॉक्टर पट्टी वाचून म्हणाले, "अच्छा हुआ बता दिया. मैं दर्द का इंजेक्शन भरने ही वाला था." माणसांची ती गोळी कुत्र्याला विषासारखी, त्यात सकाळची दुखण्याचीच गोळी पोटात, वर इंजेक्शन गेलं असतं तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही हातचे गेले असते, असं त्यांनी मला समजावलं. तीन दिवस शेवग्याला सलाइन लागलं.

सिस्टर त्याच संध्याकाळी बसने परतल्या. मी पिशवी भरून दाराशी उभी होते. त्या म्हणाल्या, "वरण टाक, भूक लागली आहे." दुसऱ्या दिवशी मात्र डबा मागवून घेतला आणि चष्मा लावून एकेक पट्टी वाचली. निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली. अंगदुखीवर मी वर्षभर वाटलेली पिवळी गोळी जंतांवरची निघाली. आमच्या क्वार्टरमध्ये कुणाला जंत नाहीत, याचं श्रेय माझं.

पुढच्या महिन्यात त्या पुन्हा पानिपतला गेल्या आणि शेवग्याला माझ्याकडेच ठेवून गेल्या.

गेल्या वर्षी मुलीने त्यांना नागपूरला नेलं. जाण्याआधी त्या म्हणाल्या, शेवग्याचं सगळं तिच्यासाठी तूच लिहून दे. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं. उचलायचं कसं, खायला काय, पुड्या कधी, सगळं लिहिलं. "घडलं तेही लिही," म्हणाल्या. मी खाली लिहिलं, 'याला मी एकदा चुकून माझी गोळी दिली.'

त्यांनी वाचलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"'चुकून' हा शब्द खोड. चुकून म्हणजे हातातून पडली. तू त्याचं दुखणं बघवेना म्हणून दिलीस. माझी मुलगीही तशीच देईल, तेव्हा तिला तेच वाचू दे."

मी खोडलं आणि वर लिहिलं, 'मायेने'. शेवगा खाली गाडीत बसलेला होता. कागदाची घडी घालून सिस्टरनी ती त्याच्या औषधांच्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवली.