बुटक्या पुंगळीचा निकाल

२०२०च्या जानेवारीत बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे परदेशात, कासलबारला आले आणि वर्षभर अडकले. आधी विमानं बंद, मग त्यांचं वय आणि आमची भीती. बत्तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तपासलेला माणूस. आमच्याकडे तपासायला माझ्या पोळ्या तेवढ्या होत्या. "मी इथे नुसता बसून खातोय," असं ते रोज म्हणत. मी दिवसभर मीटिंगांत असायचो, आणि त्या वाक्याची मला चीड यायची.

शेजारचे आजोबा हरणांच्या शिकारीला जायचे. ऑक्टोबरात एकदा त्यांनी मधल्या दगडी भिंतीवर रिकामी पुंगळी ठेवली आणि लांब उभे राहिले. मी ती सॅनिटायझरने पुसायला गेलो, तर बाबा खेकसले. इतकी बुटकी, जाडी पुंगळी त्यांनीही पाहिली नव्हती.

आजोबा सांगू लागले. हे शॉर्ट मॅग्नम, जास्त जोराच्या काडतुसाचा आखूड प्रकार. लांब मॅग्नमची ताकद कमी लांबीत, म्हणून रायफलही आखूड आणि हलकी. या वयात डोंगरावर नेववते ती हीच. बाजारात आलं तेव्हा काय कौतुक झालं होतं! आता दुकानदार ते ठेवतच नाही, साध्या काडतुसाची रायफल घ्या म्हणतो. अकराच उरलीत, आणि रायफलच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद न भरता टेबलावर पडलाय. "तुझ्या बाबांना विचार," ते म्हणाले, "यात काही खोट आहे का?"

बाबांनी दोन दिवस घेतले. गळ्याला चीर आहे का, बुडाशी रेघ आहे का, सगळं भिंगातून पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी ते दुपारचे झोपले नाहीत. मग भिंतीशी जाऊन, मला दुभाषा म्हणून मध्ये उभं करून, निकाल दिला. "मालात खोट नाही. गिऱ्हाईक गेलं म्हणून माल टाकाऊ होत नाही."

माझी मीटिंग सुरू झाली होती. "ग्रँड आहे म्हणतात," एवढं, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'ठीक आहे', इंग्रजीत सांगून मी आत पळालो. बाबांनी नंतर विचारलं, एवढंच सांगितलंस? मी म्हटलं, अर्थ तोच.

फेब्रुवारीत त्यांचं तिकीट मिळालं. निघताना आजोबा फाटकाशी आले. गाडी सुरू झाल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणाला तो? नेहमीप्रमाणे "बाय म्हणाले" सांगणार होतो. पण या खेपेला शब्दन् शब्द सांगितलं. "दुकानदार म्हणतो, ते संपलं. तुझे बाबा म्हणतात, ग्रँड आहे. मी तुझ्या बाबांचं ऐकलं, कागद भरला. दोन गोळ्या, दोन हरणं."

"परत सांग," बाबा म्हणाले. विमानतळाजवळच्या ब्लँचर्डस्टाउनची पाटी येईपर्यंत मी ते चारदा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला माझी लाज वाटली.

परतल्यावर मी भिंतीशी गेलो आणि बाबांचं ते गिऱ्हाईकाचं वाक्य आजोबांना अखेर पूर्ण सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे ते काडतुसाबद्दल म्हणाले होते?"

"स्वतःबद्दलही," मी म्हणालो.