मागच्या काचेतला मन्या

भूतबित मानणारा माणूस मी नाही, हे आधीच सांगतो. पंचवीस वर्षं पोलादपूरला फोटो स्टुडिओ चालवतोय. ‘फोटोत आत्मा आलाय’ म्हणत आलेल्या कितीतरी जणांना मी लेन्सवरची धूळ दाखवून परत पाठवलंय! त्यामुळे हे लिहायची लाजच वाटते... पण सांगायला घरात आता दुसरं कुणी नाही.

माझं लग्न राहून गेलं. घरात मी आणि आई. शेवटची दोन वर्षं ती मला ओळखत नव्हती. चहा दिला की विचारायची, “भाऊ, तुमचं गाव कंचं?” रोज. मी रोज सांगायचो, “इथलंच.” एकदा, फक्त एकदा तिनं मला मन्या म्हणावं, एवढंच हवं होतं मला.

अण्णांची, म्हणजे वडिलांची, अॅम्बेसिडर होती. महाड-वरंध भाडी मारायचे. त्या गाडीचा दसऱ्याचा फोटो आईचा जीव की प्राण, पण महाडच्या आमच्या जुन्या घरात पुराचं पाणी शिरलं आणि अल्बमचा लगदा झाला. म्हटलं, तोच फोटो पुन्हा बनवू, काहीतरी आठवेल तिला. पुण्यात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मी तसलीच गाडी टिपली होती... रिकामी, काचा बंद. जुन्या फोटोसारखा तपकिरी सेपिया रंग दिला, फिल्मचे दाणे दिसावेत म्हणून ग्रेन टाकली, बॉनेटवर झेंडूचा हार चढवला, मधोमध घडीची रेघ मारली. दुपारभर खपलो आणि प्रिंट आईच्या हातात दिली.

तिनं बराच वेळ बघितलं. मग मागच्या काचेवर बोट ठेवलं.

“अगो बाय! मन्या अजून आतच हाय?”

मी वाकून विचारलं, “कोण मन्या?”

“माझा पोर. नारळ फोडायच्या आधीच गाडीत जाऊन बसला. बाप वरडला तसा रुसलाय, फोटोला पन येत नाय. भाऊ, उतरवा ना त्याला! कवाचा एकलाच बसलाय, जेवला पन नाय.”

खरं होतं ते. सात वर्षांचा होतो. पूजा होऊन नारळ फुटेपर्यंत गाडीत कुणी बसत नाही, एवढंही कळलं नाही मला. बाहेर सगळ्यांचा फोटो निघाला आणि मी मागच्या सीटवर मुसमुसत राहिलो. पार विसरलो होतो.

प्रिंट उजेडात नेली. काचेच्या खालच्या कडेवर एक कपाळ, वर उभे केस. मूळ फाइल उघडली, सीट रिकामी. एडिट केलेली उघडली, कपाळ आहे. रंग, हार, रेघ, मी एकावर एक चढवलेला एकेक लेअर बंद करून पाहिला. कुठल्याच लेअरवर ते सापडेना.

आईसमोर बसून म्हटलं, “आई, अगं मीच मन्या.”

ती हसली. “चेष्टा करताव व्हय भाऊ? मन्या केवढुसा हाय!”

खोटं कशाला बोलू, त्या कपाळाचा मला राग आला. त्या दिवसापासून ती जेवताना पहिला घास फोटोपुढे ठेवायची. मी समोरच बसलेला असायचो.

पौषात आई गेली. तेराव्यानंतर फोटो पुसायला घेतला, तर मागची काच रिकामी. फाइलमध्ये रिकामी, पेन ड्राइव्हवरच्या कॉपीतही रिकामी.

डोळ्यांचा भास म्हणा, स्क्रीनचा दोष म्हणा... गिऱ्हाइकांना मीही हेच सांगतो. खरं कारण मला आजही माहीत नाही. जाताना तिनं त्याला गाडीतून उतरवून नेलं असावं, असं वाटतं. मला न्यायचं मात्र राहून गेलं.