मोठ्या टाकीचा हार

खंडेनवमीला आमच्या प्लान्टमध्ये यंत्रांची पूजा होते. पेशी वाढवायच्या खोल्यांत फुलं-उदबत्ती चालत नाही, म्हणून हार काचेच्या दारांना बाहेरून लावतात. सगळ्यांत मोठा हार कित्येक वर्षं माझ्या दाराला असायचा. आत माझी मोठी टाकी होती. तिच्यात पेशी मोकळ्या पोहायच्या आणि औषधाला लागणारी अँटिबॉडी बनवायच्या. यंदा तो हार शेजारच्या दाराला लागला.

त्या दारामागे ती. रेवदंड्याची, माझ्याच हाताखाली शिकलेली, मला ताई म्हणणारी. तिच्या इवल्याशा टाकीत कापडी चकत्या भरलेल्या असतात. पेशी त्यांना चिकटून राहतात. ताजं अन्न आत येतं आणि अँटिबॉडी घेऊन बाहेर पडतं. माझ्या टाकीतून माल काढायचा तर पेशींसकट सगळं उपसायचं आणि पुन्हा श्रीगणेशा करायचा. तिला रोज माल मिळतो.

हे कसं चालतं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं आलेखबिलेख काही काढले नाहीत. म्हणाली, "सर, खडकाला चिकटलेली कालवं असतात ना, शिंपल्यातली? भरती येते, ओहोटी लागते, पण कालव जागचं हलत न्हाय. तसंच हाय हे." साहेब खूश! मी इतकी वर्षं आलेख दाखवले तेव्हा ते फोन चाळत बसायचे. माझा नुसता जळफळाट झाला.

तिचं काम खरंच चांगलं होतं, हे जास्त झोंबायचं. सकाळी आल्या आल्या मी आधी तिचे आकडे बघायची, मग चहा. तिच्या टाकीला एकदा तरी बुरशी लागावी, असंही मनात यायचं. मेली लागली नाही.

पूजा आटोपल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, आता मोठ्या टाकीतही चकत्याच भरू. आतल्या पेशी तेवढ्या तुम्ही संपवून टाका."

"ताई, नारळ तुम्हीच फोडा," ती हळूच म्हणाली. तिनं दिलेला मान मला नको होता. तरी फोडला, सगळे बघत होते म्हणून.

दसरा झाल्यावर मी टाकीत पेशी मारणारं कॉस्टिक सोडलं. ढवळणारं पातं फिरतच होतं. या टाकीपायी मी माहेरची लग्नं चुकवली होती. घशाशी हुंदका आला. इथं कोण बघतंय, येऊ दे, असं म्हणून मी मान वळवली, तर काचेपलीकडे ती उभी. मास्क भिजेपर्यंत रडत होती.

माझ्या पेशींसाठी रडायलाही हीच पुढे! मग मला रडूच येईना.